नॉर्डकॅपची बस सहल: निघण्यापूर्वी एवढं पाहा

फिनलंडमधल्या रोवानिएमीहून इनारी, कारास्योकमार्गे नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या नॉर्डकॅप या कड्यावर जायचं असेल, तर आधी महिना ठरवा. मध्यरात्रीचा सूर्य तिथे साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दिसतो. ऑरोरासाठी, म्हणजे आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशासाठी, मात्र काळोख लागतो, म्हणून दोन्ही एकाच सहलीत मागू नका. जून-जुलैत लॅपलँडमध्ये, म्हणजे या उत्तरेकडच्या भागात, डास भयंकर असतात. डोक्यावरची जाळी आणि झोपेसाठी डोळ्यांची पट्टी हवीच.

फिनलंडचं घड्याळ नॉर्वेच्या एक तास पुढे. परतताना सीमा ओलांडली की तो तास जातो, आणि बस चुकते ती नेमकी तेव्हाच. मोबाइल सीमेजवळ कधी पलीकडचं नेटवर्क पकडतो. मनगटी घड्याळ गाइडच्या वेळेला लावा.

साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाला ४५ मिनिटांची विश्रांती कायद्यानेच घ्यावी लागते. तेव्हा ‘जरा पुढे थांबू’ असा आग्रह धरू नका. स्वच्छतागृह, जेवण तिथेच उरका, कारण पुढचा थांबा बराच लांब असू शकतो.

नॉर्डकॅपच्या ३०७ मीटर उंच कड्यावर जुलैतही वारा झोंबतो. वाराप्रतिबंधक जॅकेट, टोपी, हातमोजे हातातल्या पिशवीत ठेवा. डिकीतल्या बॅगेत ठेवले तर ऐनवेळी मिळत नाहीत.