अनेक इमारती, एकच केबल-पद्धती

प्रश्न : आमच्या संकुलातील प्रत्येक इमारतीत वेगवेगळ्या कंत्राटदारांनी आपापल्या पद्धतीने नेटवर्कचे केबलिंग केले आहे. सर्वत्र एकच पद्धत आणायची असल्यास सुरुवात कोठून करावी?

उत्तर : नवी केबल खरेदी करण्याआधी एक लेखी नियमावली तयार करावी आणि प्रत्येक कंत्राटात ती बंधनकारक ठेवावी. दोन इमारतींना जोडण्यासाठी तांब्याची केबल वापरू नये. इमारतींच्या अर्थिंगमधील विद्युतदाबाचा फरक आणि वीज पडण्याचा धोका लक्षात घेता तेथे धातुविरहित सिंगल-मोड फायबरच (लांब अंतरासाठीची काचतंतूची केबल) योग्य ठरते. इमारतीच्या आत कॅट-६ए (तांब्याच्या नेटवर्क केबलचा एक दर्जा) घ्यावी, कारण सेकंदाला १० गिगाबिट वेग ती पूर्ण १०० मीटरपर्यंत पेलते, तर कॅट-६ साधारण ५५ मीटरवरच थांबते. या १०० मीटरपैकी भिंतीतील कायमची केबल ९० मीटरपेक्षा लांब नसावी, उरलेले अंतर पॅच कॉर्डसाठी, म्हणजे दोन्ही टोकांना उपकरणे जोडणाऱ्या सुट्या केबलसाठी असते.

टी-५६८ए आणि टी-५६८बी (केबलमधील रंगीत तारा कनेक्टरमध्ये लावण्याचे दोन प्रमाणित क्रम) यांपैकी कोणतीही एक जोडणी निवडावी; यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये, मात्र निवडलेली जोडणी सर्वत्र तीच असावी.

खरी कसोटी लेबलांची असते. ‘बी-०२-ए-१७’ म्हणजे बी इमारत, दुसरा मजला, ए रॅक, सतरावा पोर्ट, असा एकच क्रमांक केबलच्या दोन्ही टोकांवर, पॅच पॅनेलवर (रॅकमधील केबलची टोके जोडण्याच्या पट्टीवर) व नोंदवहीत असावा. हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या स्वीकारू नयेत. प्रत्येक जोडणीचा चाचणी अहवाल हाती आल्याखेरीज अंतिम देयक मंजूर करू नये. जुने केबलिंग सरसकट उखडण्याची गरज नाही. नूतनीकरणाच्या वेळी ते टप्प्याटप्प्याने बदलता येते.