देवघराकडे हात जात नसेल तर

बेटा,

नवरा गेल्यापासून देवापुढे दिवा लावायला हात उचलत नाही आणि त्याचीच भीती वाटते, असं तू कळवलंस. दहा दिवस सुतक आहे, घरची पूजा तशीही बंद असते. ज्या धर्माने तुला रोज देवापुढे उभं राहायला शिकवलं, त्यानेच या दिवसांत तुला मोकळं सोडलंय. ती सूट घे. सुतक फिटल्यावरही नको वाटलं तर पूजा सासूबाईंकडे दे. रागाच्या भरात मूर्ती तापीत सोडू नकोस, घाबरून नवसही बोलू नकोस. देव आहे की नाही, याचा निकाल वर्षभर तरी लावायचा नाही.

आता रविवारच्या दशक्रियेचं. नदीवर पिंड मांडले की भाऊबंद भोवती कोंडाळं करतात आणि कावळा का शिवत नाही म्हणून कुजबुज सुरू होते. कावळा गर्दीला बुजतो, म्हणून येत नाही. दिराला आजच सांगून ठेव: विधी सकाळी लवकर, पिंड मोकळ्या जागी, माणसं वीस-पंचवीस पावलं मागे. तरीही नाही शिवला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. त्याने विधी पूर्ण होतो, उणं काही राहत नाही. पण मधल्या वेळात कोणीतरी म्हणेल, ‘त्याचा जीव हिच्यात अडकलाय, बोल काहीतरी.’ ‘लेकराला शिकवीन’ एवढं बोललीस तर ठीक. जन्मभराचा उपास, दुसरं लग्न करणार नाही, शेत दिराच्या नावे करीन, यातलं एकही तोंडातून काढू नकोस. दहा रात्री न झोपलेली बाई नदीकाठी जे बोलते, ते भावकी पुढे वर्षानुवर्षं धरून बसते.

कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं नको असेल तर आदल्या रात्रीच एका खमक्या बाईला, मावशी असो की आत्या, शेजारी बसायला सांग. ‘राहू द्या’ हे तिने म्हणायचं. ऐन वेळी तुझा आवाज फुटणार नाही. कोणी रूढीचं नाव काढलं तर तिला हे माहीत असू दे: कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं परिपत्रक काढलं.

दारावर येणाऱ्या बाया पायगुणाचं, मागच्या जन्मीच्या पापाचं बोलतील. उत्तर देऊ नकोस, उठून आत जा. ‘अकाली गेला, त्र्यंबकला नारायण नागबली करा,’ असंही सुचवतील. तो तीन दिवसांचा विधी आहे, खर्च मोठा. कर्ज काढून तर नाहीच, आणि पहिल्या वर्षात त्याचा विचारही नको.

देवावर रागावलीस म्हणून तू वारकऱ्याच्या घरची सून राहिली नाहीस, असं होत नाही. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात गेली. पुढे त्यांनी विठ्ठलाला अभंगांतून किती सुनावलं! त्यांना कोणी पंगतीतून उठवलं नाही. आपल्या मुक्ताईनगरच्या मुक्ताबाईने एकाच हिवाळ्यात ज्ञानदेव आणि सोपानदेव, दोघा भावांना निरोप दिला. तुझं भांडण मनात कुजवू नकोस. दार लावून मोठ्याने बोल, शिव्या आल्या तर येऊ दे.

खरा कठीण काळ तेराव्यानंतर सुरू होतो. मांडव निघतो, नातलग जातात, संध्याकाळी घर खायला उठतं. चौदाव्या दिवसापासून महिनाभर रात्री सोबतीला कोण झोपणार, हे आत्ताच ठरव. एका वेळचं जेवण कुणाच्या तरी सोबत बसूनच कर, भाकरीचे चार घास का होईनात. जगणं नको वाटलं, किंवा दिवसचे दिवस अन्न जाईना, तर १४४१६ वर फोन कर. मन खचलेल्यांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाने घागर भरतील, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतील, सांजोऱ्या होतील, विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकतील. तोवर राग गेला नसेल तर दिराला भरू दे, तू नुसती बाजूला बस. नाही बसलीस तरी चालेल.

रविवारी तुझ्या शेजारी कोण बसणार, ते ठरलं की कळव. कोणी तयार नसेल तर मी शनिवारीच मुक्कामाला येते.

तुझी,
मावशी