सीट घेण्याआधी मार्कशीट पुन्हा वाचा

कळव्याच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलाला बारावी सायन्सला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) जेमतेम ४७ टक्के, सीईटीत ३४ पर्सेंटाइल. नवी मुंबईतल्या एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची सीट मिळतेय. वर्षाची फी आहेच, वर दोन लाख रोख. पीएफ काढायचा, बायकोचे दागिने गहाण ठेवायचे असं ठरतंय. धाकटी मुलगी नववीत. शुक्रवारी टोकन भरायचंय. ‘भरू का?’

नमस्कार,

भरू नका. ते दोन लाख तर अजिबात नाही. सीटसाठी अशी वरची रक्कम म्हणजे कॅपिटेशन फी, आणि महाराष्ट्रात तिच्यावर १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. उद्या मुलाने प्रवेश सोडला तर ते पैसे परत मागायला तुमच्या हातात चिठोराही नसेल.

पण मला जास्त काळजी वाटली ती मार्कशीट बघून. गणित ३८, फिजिक्स ४४, केमिस्ट्री ५८. फिजिक्सच्या शंभरात ३० गुण प्रॅक्टिकलचे, आणि ते सहसा सढळ हाताने मिळतात. म्हणजे लेखी पेपरात ७० पैकी पंधरा-वीसच असणार. इंजिनिअरिंगची ४५ टक्क्यांची अट तो पार करतो हो, पण पहिल्याच सेमिस्टरला गणिताचा एम-वन, मग एम-टू, एम-थ्री. अशा पायावर गेलेली मुलं दुसऱ्या वर्षी केटींचा, म्हणजे नापास विषयांचा, ढीग घेऊन माझ्यासमोर बसतात. विषय सुटत नाहीत आणि आईच्या बांगड्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्या दडपणाखाली पुस्तक उघडवत नाही.

बारावी सायन्सवाल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दोन वर्षांत डिप्लोमा, मग त्या गुणांवर डिग्रीचं थेट दुसरं वर्ष. तिथे सीईटी नाही. एकच वर्ष जास्त जातं, आणि डिग्री नाही जमली तरी हातात डिप्लोमा राहतो. सरकारी तंत्रनिकेतनाची फी पीएफला हात न लावता झेपेल. अर्ज वेगळा भरावा लागतो, तारखा आजच बघा.

आणखी एक. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळू शकते, पण कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला तरच. कोट्यातून गेलात की ती हुकली. मुलीचंही तेच: आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस), ओबीसी आणि मराठा आरक्षणातल्या (एसईबीसी) घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, तीही कॅपच्याच जागेवर. तिच्या क्लासला आणि प्रवासाला लागणारा पैसा आज भावाच्या सीटमध्ये घालू नका.

तुमच्या दोन पानांत मुलाला काय हवंय, याची एक ओळही नाही. गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर तिघं बसा. सगळा आकडा त्याला सांगा, दागिन्यांचंही लपवू नका. ओरडू नका. मग विचारा, ‘कॉम्प्युटर तुला हवंय, की आम्हाला?’ तो काय म्हणाला ते मला कळवा. शुक्रवारचं टोकन तोवर राहू द्या.