वाचकांचे प्रश्न : विमानप्रवास आणि शस्त्र

प्रश्न : परदेशातल्या स्पर्धेसाठी पहिल्यांदाच .२२ रायफल घेऊन विमानानं जाते आहे. घरातून निघाल्यापासून सामान जमा होईपर्यंत काय करायचं, आणि कोणत्या क्रमानं?

पहिलं काम तिकीट काढण्याच्या वेळचं आहे. शस्त्र नेणार असल्याचं विमान कंपनीला आधीच कळवा आणि त्यांची मंजुरी ई-मेलवर लेखी घ्या. फोनवरच्या 'चालेल' या शब्दाला काउंटरवर काडीची किंमत नसते. तिकीट एका कंपनीचं आणि प्रत्यक्ष विमान दुसऱ्या कंपनीचं, असं हल्ली सर्रास असतं. अशा वेळी जिच्या विमानात तुम्ही बसणार, तिची मंजुरी लागते. मंजुरीच्या दोन छापील प्रती जवळ ठेवा.

दुसरं काम रायफल रिकामी करण्याचं. ते घरी, भरपूर उजेडात आणि घाई नसताना करायचं. आधी मॅगझिन (काडतुसं साठवणारी डबी) काढा, मग बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) मागे ओढा. हा क्रम चुकला की धोका तयार होतो. मॅगझिन आत असताना बोल्ट चालवला, तर चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेतलं, काडतूस बाहेर पडतं, पण बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. त्यानंतर मॅगझिन काढलं की रायफल रिकामी वाटते, पण ती भरलेली असते. म्हणून बोल्ट पूर्ण बाहेर काढा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा आणि चेंबरच्या तोंडाशी करंगळी फिरवून खात्री करा. नळीच्या आकाराचं मॅगझिन असेल तर त्याचा दट्ट्या पूर्ण उपसून रायफल तिरकी धरा, कारण .२२ चं एखादं काडतूस त्या नळीत अडकून राहू शकतं. हे झालं की नारिंगी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे चेंबर रिकामा असल्याचं दाखवणारी पट्टी, चेंबरमध्ये घाला. केस उघडून पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला रायफलची माहिती असेलच असं नाही. तो फ्लॅग त्यालाही समजतो.

तिसरं, केस. कडक कवचाची आणि कुलूप लागणारी हवी. तिला कुलपासाठी जितकी भोकं असतील तितकी कुलपं लावा. लांब केसला फक्त मधोमध कुलूप लावलं, तर कोपरा उचकटून आत बोटं जातात, आणि अशी केस नाकारली जाते. घरी स्वतः कोपरे ओढून पाहा. रायफल विकत घेताना मिळालेला पातळ प्लॅस्टिकचा खोका बहुधा या कसोटीला उतरत नाही.

विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा. चेक-इनला शांतपणे सांगा, "माझ्या सामानात स्पर्धेची रायफल आहे, ती घोषित करायची आहे. ही मंजुरी आणि हा परवाना." इतकं पुरे. बंदुकीचं नाव मोठ्यानं घेतलं की मागच्या रांगेत उगाच गोंधळ उडतो. त्यानंतर तपासणी होते आणि रायफल रिकामी असल्याच्या घोषणेवर सही घेतली जाते. अमेरिकेत सही केलेलं ते कार्ड केसच्या आत ठेवतात. आत शस्त्र आहे हे सांगणारी खूण बाहेरून लावायला भाग पाडणं तिथे कायद्यानंच विमान कंपनीला मनाई आहे. तुम्हीही केसवर बंदूक कंपनीचे स्टिकर चिकटवू नका, चोराला तेवढंच पुरतं.

केस पट्ट्यावर गेली की लगेच निघून जाऊ नका. पुन्हा उघडायची वेळ आली तर किल्ली तुमच्याकडेच असते. 'सामान पास झालं' असं स्पष्ट ऐकेपर्यंत काउंटरच्या आसपास थांबा. त्या वेळात तुम्ही सुरक्षा तपासणी ओलांडून आत गेलात, तर केस मागे राहते आणि विमान निघून जातं.

प्रश्न : सूटकेसला सुरक्षा यंत्रणेच्या मास्टर किल्लीनं उघडणारं कुलूप असतं. तेच शस्त्राच्या केसला लावावं का?

बाहेरच्या सूटकेसला चालेल. शस्त्राच्या केसला साधं, चांगल्या प्रतीचं आणि फक्त तुमच्याच किल्लीनं उघडणारं कुलूप लावा. अमेरिकेतल्या टीएसए या विमानतळ सुरक्षा यंत्रणेचा नियम असा, की किल्ली किंवा आकडा प्रवाशाकडेच राहावा आणि तपासणीसाठी मागितला तरच द्यावा. मास्टर किल्ल्यांच्या नकला बाजारात सहज मिळतात, त्यामुळे त्या कुलपाला शस्त्राच्या बाबतीत काही अर्थ उरत नाही.

प्रश्न : काडतुसं किती नेता येतात? माझा प्रकार ट्रॅप, म्हणजे हवेत उडणाऱ्या लक्ष्यांवर शॉटगननं नेमबाजी, आहे. वडील सोबत येणार आहेत. त्यांच्या नावावरची काडतुसं माझ्या बॅगेत ठेवली तर?

ठेवू नका. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, धोकादायक मालाच्या सूचना आणि त्यावर आधारलेले आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. माणशी ५ किलो, तेही पॅकिंगसकट एकूण वजन, फक्त स्वतःच्या वापरासाठी, फक्त जमा केलेल्या सामानात आणि विमान कंपनीच्या मंजुरीनं. दोघांचा वाटा एका पॅकिंगमध्ये एकत्र करायला मनाई आहे. शिवाय काडतुसं १.४ एस या वर्गातलीच हवीत, यूएन ००१२ किंवा यूएन ००१४ क्रमांकाची. एखादं काडतूस पेटलंच तरी त्याचा परिणाम खोक्यापुरता मर्यादित राहतो, असा या वर्गाचा अर्थ. स्फोटक किंवा आग लावणाऱ्या गोळीचं काडतूस त्यात बसत नाही. बंदुकीची सुटी दारू आणि ती पेटवणाऱ्या सुट्या टोप्या प्रवासी सामानात अजिबात चालत नाहीत. घरी काडतुसं भरणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं.

आता वजनाचा हिशेब करू. .२२ चं एक काडतूस साधारण साडेतीन ग्रॅमचं. पाचशेचा गठ्ठा खोक्यांसह दोन किलोच्या आतच राहतो, त्यामुळे रायफल-पिस्तूलवाल्यांना ५ किलो भरपूर होतात. ट्रॅपचं २४ ग्रॅम छऱ्यांचं बारा बोअर काडतूस मात्र पस्तीस ग्रॅमच्या आसपास भरतं. पंचवीसचे पाच खोके घेतले की मर्यादा जवळजवळ संपली. ट्रॅपच्या पात्रता फेरीत १२५ लक्ष्यं असतात आणि प्रत्येकावर दोन गोळ्या झाडायची मुभा असते. म्हणजे एवढ्यात सरावसुद्धा धड होणार नाही. म्हणून ट्रॅप आणि स्कीट (शॉटगनचाच दुसरा प्रकार) खेळणाऱ्यांनी काडतुसं स्पर्धेच्या ठिकाणीच मिळण्याची सोय आयोजकांमार्फत आधी नक्की करावी. ब्रँड आणि छऱ्याचा क्रमांक लिहून कळवावा.

पॅकिंग कंपनीचं मूळ खोकंच उत्तम, कारण त्यात प्रत्येक काडतूस आपापल्या खाचेत बसतं. डब्यात किंवा पिशवीत सुटी काडतुसं नेली तर तिथेच अडवलं जातं. काही कंपन्या काडतुसं शस्त्राच्या केसमध्ये चालवून घेतात, काही वेगळ्या कुलूपबंद पेटीचा आग्रह धरतात. मंजुरीच्या ई-मेलमध्येच हे विचारून घ्या. निघण्यापूर्वी पेटी घरच्या काट्यावर ठेवा. ४ किलो ८०० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका, दोन काट्यांत फरक निघतोच.

प्रश्न : १० मीटर एअर रायफलच्या सिलिंडरचं काय? रायफलला लावलेलाच राहू दिला तर चालतं का?

काढाच, आणि रिकामा करा. या सिलिंडरमध्ये साधारण २०० बारनं हवा भरलेली असते (एक बार म्हणजे जवळपास आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). विमानात उंचीवर हवेचा दाब कमी होतो म्हणून सिलिंडर फुटेल, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. सामानकक्षातही दाब राखलेला असतो आणि तिथला फरक एका बारपेक्षाही कमी असतो. २०० बारपुढे तो नगण्य आहे. खरी भीती आगीची आणि वॉल्व्हला बसणाऱ्या फटक्याची. म्हणून दाबाखालचा सिलिंडर धोकादायक मालात मोडतो.

रिकामा करायला निर्मात्यानं दिलेला स्क्रू किंवा अडॅप्टर वापरा आणि हवा हळूहळू सोडा. एकदम सोडली की धातू गारठतो, वॉल्व्हवर दव धरतं आणि रबरी कडी कडक होऊन पुढे गळायला लागते. काटा शून्यावर आला की सिलिंडर रायफलपासून वेगळा ठेवा, काटा केस उघडताच दिसेल असा. काही देशांत एवढ्यानंही भागत नाही. अमेरिकेत वॉल्व्ह पूर्ण वेगळा करून सिलिंडरचं तोंड उघडं दाखवावं लागतं. तुमच्या सिलिंडरचा वॉल्व्ह घरी निघण्यासारखा नसेल, तर तिथे पोहोचल्यावर सिलिंडर मिळण्याची व्यवस्था आयोजकांकडे आधी विचारा.

सिलिंडरवर कोरलेली मुदत निघण्यापूर्वी वाचा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेतल्या उपकरण तपासणीत अडकू शकतो, आणि त्या वेळी नवीन शोधायला सवड नसते. भरण्याचा अडॅप्टर स्वतःचा न्या. २०० बारच्या डिन जोडाचे (सिलिंडर भरण्याच्या आट्यांच्या प्रमाणित जोडाचे) आटे आखूड असतात. तो ३०० बारच्या खोल वॉल्व्हमध्ये फिरतो, पण तळापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे हवा धरत नाही. ३०० बारचा जोड दोन्हींवर बसतो.

४.५ मिलिमीटरचे पेलेट, म्हणजे एअर रायफलचे शिशाचे छरे, स्फोटक नाहीत, त्यांना ५ किलोची अट नाही. तरीही हातातल्या बॅगेत नकोत. शिशाचा गच्च डबा एक्स-रेमध्ये काळाकुट्ट दिसतो आणि बॅग उघडली जाते.

प्रश्न : माझी कागदपत्रं पूर्ण होती, तरी वाटेतल्या देशात पिस्तूल अडवलं. चूक कुठे झाली असेल?

तुमच्या पत्रातल्या तपशिलावरून दोन शक्यता दिसतात.

पहिली : दोन वेगवेगळी तिकिटं. सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत थेट जाणार असेल तर ते विमानतळाच्या आतल्या आत फिरतं. तिकिटं वेगळी असली की मधल्या ठिकाणी सामान पट्ट्यावरून घेऊन पुन्हा जमा करावं लागतं. त्या क्षणी तुम्ही त्या देशात शस्त्र आयात करत असता, आणि त्याचा परवाना तुमच्याकडे नसतो. लांबलेल्या उड्डाणामुळे रात्रभर मुक्काम पडला तरी हेच घडू शकतं. शस्त्र सोबत असेल तेव्हा एकच तिकीट, शक्य तितके कमी थांबे आणि दोन उड्डाणांमध्ये किमान तीन तास, एवढं पाळाच. केस वेळेत पुढच्या विमानात चढली नाही, तर ती परक्या विमानतळावर एकटी पडते आणि तिची उत्तरं द्यायला तिथे कोणी नसतं.

दुसरी : शस्त्राचा क्रमांक. परवान्यावर, आयात अर्जावर आणि प्रत्यक्ष शस्त्रावर तो अक्षर न् अक्षर सारखा हवा. इंग्रजी 'ओ' आणि शून्य, 'आय' आणि एक यांची अदलाबदल नेहमीची आहे. शॉटगनच्या चौकटीवर एक आणि नळ्यांच्या जोडीवर दुसरा क्रमांक असू शकतो, विशेषतः नळ्या नंतर घेतलेल्या असतील तर. क्रमांकाचा जवळून फोटो काढा, त्यावरूनच अर्ज भरा आणि दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या. ज्यानं लिहिलं त्यालाच स्वतःची चूक दिसत नाही.

देशागणिक कागद वेगळे. अमेरिकेत बाहेरच्या नागरिकाला तिथल्या एटीएफ या खात्याचा फॉर्म ६ एनआयए आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि स्पर्धेचं निमंत्रण किंवा शिकारीचा परवाना यासारखा आधार दाखवावा लागतो. अमेरिकेचे रहिवासी बाहेर जाताना सीमाशुल्काचा फॉर्म ४४५७ करून घेतात, म्हणजे परतताना शस्त्र आपलंच हे सिद्ध होतं. युरोपीय संघातल्या रहिवाशांसाठी युरोपीय शस्त्र-पास असतो. बाहेरच्यांनी त्या त्या देशाची परवानगी वेगळी काढायची. आयोजकांनी पाठवलेला शस्त्र-आयातीचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशी भरण्याची सवय असेल तर ती सोडा. दुरुस्तीला वेळ उरत नाही.

प्रश्न : माझ्या हातातल्या बॅगेत एक जुनं काडतूस निघालं. तीन तास चौकशी झाली. असं इतरांचंही होतं का?

होतं, आणि याची काळजी शस्त्रापेक्षाही जास्त घ्यायला हवी. एकट्या अमेरिकेत २०२३ साली सुरक्षा तपासणीत प्रवाशांच्या हातातल्या सामानातून ६,७३७ बंदुका सापडल्या, आणि त्यांतल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. बॅगेत काय आहे याचा विसर किती सहज पडतो, हे त्यावरून कळतं. बंदुकीचा विसर पडतो तिथे काडतुसाचं काय!

रेंजवर वापरलेली बॅग विमानात हातात घेऊ नका. हाच उपाय, दुसरा नाही. .२२ चं काडतूस अस्तराच्या शिवणीत, चाकाच्या खाचेत किंवा जाकिटाच्या फाटलेल्या खिशातून खाली अस्तरात जाऊन बसतं. बॅग झटकली तरी ते पडत नाही. नेमबाजीचं जाकीट आणि ट्राउझर जमा करायच्या सामानात टाकण्यापूर्वी कडेकडेनं चिमटीत धरून चाचपा. रिकाम्या पुंगळ्याही सोबत नकोत, काही देशांत त्यांनाही दारूगोळ्याचाच नियम लागतो. आदल्या दिवशी सराव केला असेल तर हात साबणानं नीट धुवा आणि कपडे बदला. बंदुकीच्या दारूचे कण स्फोटकं ओळखणाऱ्या यंत्राला लागतात.

प्रश्न : केसमध्ये आणखी काय असू नये, आणि रायफल सुखरूप पोहोचण्यासाठी काय करावं?

ज्वालाग्राही सॉल्व्हंट आणि फवाऱ्याचे तेलाचे डबे नकोत. सफाईची काठी, कापड आणि फेल्ट (नळी पुसायचे नमद्याचे तुकडे) चालतात. लाल बिंदूच्या साइटसाठी किंवा इलेक्ट्रॉनिक ट्रिगरसाठी जादा लिथियम बॅटरी असतील तर त्या नेमक्या उलट, हातातल्या बॅगेतच न्यायच्या. टोकांना चिकटपट्टी लावा.

डायॉप्टर (नेम धरायची मागची साइट), वजनं आणि बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) काढून वेगळी गुंडाळा. लांब बाहेर आलेल्या भागावरच आघात बसतो. काढण्याआधी प्रत्येक मापाची खूण पट्टीनं करा आणि फोटो घ्या. फोम बंद छिद्रांचा हवा, उघड्या छिद्रांचा स्पंजसारखा फोम ओल धरतो. नळीतून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. पहिल्या गोळीआधी तो कोरड्या कापडानं पुसायला मात्र विसरू नका.

हवाबंद केस असेल तर तिच्या पुढच्या बाजूला छोटा दाब-वॉल्व्ह असतो. वर असताना आतली थोडी हवा निसटते आणि उतरल्यावर बाहेरचा दाब झाकण इतकं घट्ट दाबून धरतो, की कड्या काढूनही ते उघडत नाही. सीमाशुल्काच्या टेबलावर लोक मग स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागतात आणि रबर फाडतात. आधी तो वॉल्व्ह फिरवून हवा आत घ्यायची. काही केसमध्ये तो आपोआप चालतो, तुमच्या केसमध्ये कसा आहे ते आत्ताच बघून ठेवा.

दमट ठिकाणी उतरलात तर तपासणी झाल्यावर केस बंद करून खोलीत ठेवा आणि काही तासांनीच पुन्हा उघडा. सामानकक्षात गारठलेल्या धातूवर दमट हवेतलं पाणी क्षणात धरतं, आणि सगळ्यात आधी गंज चढतो तो चेंबरच्या तोंडाशी आणि बोल्टच्या दर्शनी भागावर.