फुकटचा पंप आणि ‘माझा अनुभव’

शिरपूरकडच्या भाऊंनी विचारलंय, कंपनीने बॅटरीवरचा फवारणी पंप फुकट दिला, आता त्याबद्दल लिहायचंय, तर ‘मोफत मिळाला’ हे शेवटी बारीक अक्षरात टाकलं तर चालेल का? कंपनीचा माणूस म्हणतो, वरच लिहिलं तर कोणी पुढे वाचणार नाही. भाऊ, हेच वाक्य मी माझ्या बांधावर उभं राहून ऐकलंय, म्हणून एवढं लांब लिहितोय.

मी वकील नाही, चोपडा तालुक्यातला केळी पिकवणारा शेतकरी आहे. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं. सांगायचं की नाही, यावर वेळ घालवत नाही. सांगायचंच.

चार-पाच वर्षांपूर्वी मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत, हरण्या रोग, म्हणजेच सीएमव्ही, आला होता. आपल्याकडच्यांना सीएमव्ही काय ते सांगायला नको: काकडीवरही येणारा विषाणू (कुकुंबर मोझॅक व्हायरस) आहे, मावा ही कीड तो पसरवते, लागलेलं झाड बरं होत नाही, ते मुळासकट उपटून नष्ट करायचं आणि मावा आटोक्यात ठेवायचा. तेव्हा मी शेतीचे व्हिडिओ टाकायचो आणि बऱ्यापैकी लोक बघायचे. एका कंपनीचा प्रतिनिधी आला, दहा लिटर टॉनिक ठेवून गेला आणि वर ५,००० रुपये. नाव लिहीत नाही, लिहून आता उपयोगही नाही.

मी ते मारलं. पण त्याच आठवड्यात सव्वादोनशे झाडं उपटली होती, माव्याची फवारणी घेतली होती आणि बांधावरचे काकडीचे वेलही काढले होते. पुढच्या पानांत बाग स्वच्छ दिसली. व्हिडिओत मी हे सगळं बोललो होतो. प्रतिनिधी म्हणाला, “दादा, उपटण्याचा भाग काढा, लांबण लागते. आणि ‘जाहिरात’ नका लिहू, ‘माझा अनुभव’ लिहा, तुमचाच तर आहे.” मी दोन्ही ऐकलं.

लोक समजतात चूक ५,००० रुपये लपवण्याची झाली. तीही झालीच. पण जास्त महागात पडला तो कापलेला दीड मिनिट. समजा, वर मोठ्या अक्षरात ‘पैसे घेतले आहेत’ लिहिलं असतं आणि उपटलेली झाडं तशीच लपवली असती, तरी बघणारा फसलाच असता.

गावातल्या आप्पांनी तो व्हिडिओ बघून बाटल्या आणल्या. आजारी झाडं ठेवली, म्हणाले पंधरा दिवस बघू. पंधराचे पंचवीस झाले. चार हजारांतली तेराशे-चौदाशे झाडं शेवटी उपटावी लागली, आणि तोवर फेरलागवडीची वेळ गेली होती. पारावर त्यांनी मला सगळ्यांसमोर एकच विचारलं, “तुले किती भेटनात रे भो?” मी आकडा सांगितला. ते उठून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी बाटली नीट वाचली. रोगाचं नावच नाही त्यावर! नुसतं ‘जोमदार वाढीसाठी’. रोगावरचं औषध म्हणून विकायचं तर कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदणी लागते. ती नव्हती, म्हणून लेबलवर रोग छापता येत नव्हता, तो माझ्या तोंडून वदवून घेतला. तुम्हाला जे बोलायला सांगतात ते आधी लेबलवर शोधा. तिथे नसेल तर तुम्हीही बोलू नका.

तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो. एका टेबलावर म्हणाले पक्की पावती आणा, दुसऱ्यावर म्हणाले बॅच नंबर आणा, तिसऱ्या खेपेला म्हणाले हे आमच्याकडे येतच नाही. आप्पांकडे कच्ची चिठ्ठी होती. तीन चकरा, तीन दिवसांची मजुरी आणि त्या साहेबांचा चहा. असो. (पक्की पावती घ्याच, दुकानदार सख्खा भाचा असला तरी.)

आता नियमांचं, थोडक्यात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ ला शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. त्यात पैसेच नाही, फुकटची वस्तू, सवलत, सहल, नातंगोतं हे सगळं ‘संबंध’ म्हणून सांगायला हवं. म्हणजे शालकाच्या कृषी सेवा केंद्राची तारीफ केली तर शालक आहे हेही सांगा. व्हिडिओत ते लिहून आणि बोलून, दोन्ही. दिशाभूल केली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. जाहिरात मानक परिषद (एएससीआय) ही जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था, तिचे नियम त्याआधीचे, जून २०२१ चे. दोन मिनिटांहून मोठा व्हिडिओ असेल तर त्या वस्तूचा भाग चालू आहे तोवर ही जाहिरात असल्याची पट्टी दिसली पाहिजे. बारीक अक्षरात शेवटी टाकणं कुठेच बसत नाही. आणि मराठीत बोलत असाल तर मराठीतच लिहा. आपल्या आप्पांना ‘कोलॅब’, म्हणजे कंपनीसोबत मिळून केलेलं काम, हे काय कळणार?

मी आता पहिल्याच ओळीत असं टाकतो: “हा पंप कंपनीने फुकट दिला. मी तो अमुक दिवस, इतक्या झाडांवर वापरला. लिखाण कंपनीला आधी दाखवलेलं नाही.” शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, माझ्या मते. दाखवलं की कापायला सांगतात. काही मित्र म्हणतात एवढं कडक राहिलं तर कोणी काही देत नाही. खरंय, मला वर्षभरात एकच ताडपत्री आली. त्यावरही लिहिलं की पहिल्या पावसात गळाली.

अजून एक: एका वर्षात एका कंपनीकडून २०,००० पेक्षा जास्त किमतीच्या वस्तू ठेवून घेतल्या तर १० टक्के टीडीएसचा (आधीच कापून घेतल्या जाणाऱ्या कराचा) नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाला. तुमचा पंप त्यात बसायचा नाही, पण ड्रोनवाले येतील तेव्हा सीएला विचारा.

जुना व्हिडिओ मी काढला नाही. काढला असता तर पुरावाच पुसल्यासारखं झालं असतं. त्यावर खरं काय झालं ते लिहिलं, झाडांच्या आकड्यासकट.

तुमचा पंप परत करायचा ठरला तर नोझल, चार्जर, पट्टे सगळं मोजून खोक्यात भरा आणि फोटो काढून ठेवा. माझ्याकडून त्यांनी दहा लिटरचा रिकामा कॅनसुद्धा मागितला होता.