नोकरी सांभाळून अर्धवेळ अग्निशामक होता येतं का?

हो, येतं. ब्रिटनमध्ये अशांना ‘ऑन-कॉल’ फायरफायटर म्हणतात. त्यात सुतार, दुकानदार, शिक्षक कुणीही असतं. मुख्य अट म्हणजे पेजर वाजला की साधारण 5 मिनिटांत केंद्रावर हजर, त्यामुळे घर किंवा कामाची जागा जवळ हवी. वर्षाचं ठरावीक मानधन, शिवाय प्रत्येक कॉलचे वेगळे पैसे मिळतात. जर्मनीत तर बहुतेक अग्निशामक बिनपगारी स्वयंसेवकच आहेत.

धाडसाचं फार मनावर घेऊ नका. सवय लागते ती वेगळ्याच गोष्टींची. बुटांवर पँट आधीच गुंडाळून ठेवलेली असते. पाय घातले की एका झटक्यात वर ओढायची. पाठीवरचा हवेचा सिलिंडर जेमतेम अर्धा तास पुरतो, धाप लागली तर त्याहून कमी. म्हणून नुसत्या ताकदीपेक्षा दमसास बघा. आणि कॉल आगीचेच नसतात: गाड्यांचे अपघात, पूर, शिवाय वैताग येईल इतके खोटे अलार्म.

खरी कसोटी घरच्यांची. ‘उपलब्ध’ असं कळवलेल्या वेळेत लांब जायचं नाही, दारूचा थेंब नाही, आणि जेवणाच्या ताटावरून उठावं लागलं तर कुरकुर नाही. मालकाशी आणि घरी बोलल्याशिवाय अर्ज भरू नका.