बाहेरच्या पाण्याचं काय?

प्रश्न: ताई, उरुळी कांचनजवळ आमचं शेतघर आहे. तिथे ७ मीटर लांब, ३ मीटर रुंद असा पोहण्याचा फायबरग्लासचा तयार पूल बसवायचा आहे. ठेकेदार म्हणतो, खड्डा काढू, खाली क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) टाकून शेल, म्हणजे पुलाचं तयार भांडं, ठेवू, निघालेल्या मातीनेच कडा भरू. पाणी काय, नंतर सावकाश भरा. चार दिवसांचं काम. जमीन काळी आहे, कालवा बांधाला लागूनच. पावसाळ्याआधी उरकून घेऊ का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर: दादा, थांबा. चार दिवस ही थाप नाही, शेल खरंच पटकन बसतं. पण तुमच्या जमिनीत असं बसवलं तर ते बसलेलं राहणार नाही.

आधी कालव्याचं बोलू. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाणी सोडलं, की तुमच्याकडच्या विहिरींचं पाणी वर येतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. तेच पाणी पुलाच्या खड्ड्यात येणार, भर मे महिन्यातही. शेलचं वजन असतं जेमतेम टनभर. ते रिकामं असताना बाहेरचं पाणी तळापासून फूटभर वर चढलं तरी चार-पाच टनांची उचल बसते. मग ते तरंगतं, दुसरं काय करणार!

मुळशीकडच्या एका बंगल्यावर मी हे भोगलंय. माझं पहिलंच स्वतंत्र काम. जुलैत पाहुणे येणार म्हणून मालकांचा निरोप आला, पूल धुऊन द्या. मी मोटर लावून तळ कोरडा ठणठणीत केला आणि घरी आले. रात्रभर पाऊस. सकाळी पाहते तर खोल बाजू हातभर वर, कडेच्या फरश्या उलथलेल्या, पाइपाचा सांधा निखळलेला. माळीकाका शांतपणे म्हणाले, “ताई, नाव बांधून ठेवायची असते.” खर्च माझ्या खिशातून गेला, आणि ते योग्यच होतं.

तेव्हापासून खोल बाजूला, शेलच्या बाहेर, ८ इंची पीव्हीसी पाइप उभा केल्याशिवाय मी खड्डा बुजवू देत नाही. खालच्या हातभर भागाला भोकं पाडायची, बूड तळाच्या खडीच्याही खाली न्यायचं, वर झाकण. दोरीला दगड बांधून आत सोडला की बाहेरचं पाणी कुठवर आलंय ते कळतं, आणि वेळ आली तर त्यातूनच मोटर सोडून उपसता येतं. ठेकेदार या पाइपाला नको म्हणाला तर ठेकेदार बदला. आणि पूल पूर्ण रिकामा कधीच करायचा नाही.

आता माती. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. ती कडेला भरली तर शेलच्या भिंतीला आत पोट येतं. ती सगळी उचलून शेतात टाका. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या, त्यावर धुतलेल्या बारीक खडीचा, १०-१२ एमएमच्या, चार-सहा इंचांचा थर द्या. कडाही त्याच खडीने भरा. क्रश सँडमधली पूड भिजली की खाली बसते आणि शेलमागे पोकळी राहते.

शेल ठेवल्यावर गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब चारही कोपऱ्यांवर फिरवा, स्वतः उभं राहून. एका सेंटीमीटरचा फरकसुद्धा भरलेल्या पाण्याच्या रेषेत कायमचा दिसतो. फरक निघाला तर शेल पुन्हा उचलायचं. हायड्रा क्रेनवाला तासाचे पैसे मोजत कुरकुर करेल, करू द्या.

आणि “पाणी नंतर” हे तर अजिबात नाही. आत फूटभर पाणी, बाहेर फूटभर खडी, पुन्हा आत, पुन्हा बाहेर, असंच वर यायचं. बाहेर जास्त भरलं तर भिंत आत दबते, आत जास्त भरलं तर बाहेर फुगते. तुमच्या मापाला साधारण २५ हजार लिटर लागेल, म्हणजे १० हजारांचे तीन टँकर. त्यांची वेळ आधीच बांधून घ्या. खडी पडण्याआधी पाइपांना दाब देऊन रात्रभर ठेवा. सकाळी दाबाचा काटा उतरलेला असेल तर गळती अजून उघड्यावर आहे, सापडेल. शेवटी काठाभोवती काँक्रीटची कॉलर.

पावसाळ्याआधी उरकायची घाई करू नका. दिवाळीनंतर, दोन आवर्तनांच्या मधला काळ पाहून खड्डा घ्या.

प्रश्न: कोथरूडला आमच्या जुन्या बंगल्याच्या गच्चीवर असाच लहान पूल ठेवता येईल का? शेल हलकं असतं म्हणे.

उत्तर: शेल हलकं असतं, पाणी नसतं. १.२ मीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १२०० किलो. वावरायच्या गच्चीचा स्लॅब साधारण १५० किलोंच्या हिशेबाने धरलेला असतो. नातवंडांसाठी हवेचा टब आणा, तोही घोट्याएवढाच भरा.